परतक्त्यातील संदर्भ : साध्या मजकुरातील कोष्टक-सूत्रे आणि डहाणू-तलासरीचे दफ्तर

सारांश

साध्या मजकुरात लिहिलेल्या कोष्टकांमध्ये एका तक्त्यातील घरांची व्याप्ती दुसऱ्या तक्त्याच्या सूत्रात उद्धृत करण्याची जी पद्धत ‘ऑर्ग-मोड’ या आज्ञावलीने रूढ केली, तिची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. तपासणीसाठी दोन आधार घेतले आहेत. पहिला आधार २०११ च्या जनगणनेतील तालुकानिहाय आकड्यांचा व २०१४ मधील ठाणे जिल्ह्याच्या विभाजनाचा; दुसरा, डहाणू व तलासरी तालुक्यांत आजही चालू असलेल्या गाव नमुन्यांच्या परस्परसंदर्भांचा. स्थानावर आधारलेला संदर्भ अचूक असला तरी अर्थाविषयी मुका असतो, आणि महसुली दफ्तराने कागदावर साधलेला दुहेरी संदर्भ या पद्धतीत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : तक्ता, व्याप्ती, परतक्त्यातील संदर्भ, गाव नमुना, फेरफार, पालघर जिल्हा.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनात तक्त्यांचे स्थान मोठे आहे. ग्रामीण अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाचा प्रबंध उघडला तरी गावनिहाय किंवा तालुकानिहाय कोष्टके दिसतात, आणि एका कोष्टकातील बेरीज पुढच्या कोष्टकात येऊन बसलेली आढळते. हे येऊन बसणे कसे घडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. बहुतेक वेळा संशोधक आकडा पाहतो व उतरून घेतो. काही जण स्प्रेडशीटच्या साहाय्याने एका पानावरचे घर दुसऱ्या पानाशी जोडतात. अलीकडे आपली सर्व टिपणे साध्या मजकुराच्या धारिकेत ठेवणारा व त्याच धारिकेत गणित करणारा एक वर्गही तयार झाला आहे. या वर्गाच्या पसंतीचे साधन म्हणजे ऑर्ग-मोड.

साधनांच्या गुणदोषांची चर्चा सहसा वेग, सोय व किंमत यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखाचा दृष्टिकोन वेगळा आहे. सूत्र ही एक लेखनपद्धती आहे, आणि प्रत्येक लेखनपद्धतीप्रमाणे ती काही गोष्टी स्पष्ट सांगते व काही झाकून ठेवते. ‘त्या तक्त्यातील या ओळीपासून त्या ओळीपर्यंत’ असे विधान करताना लिहिणारा नेमके कशाचे आश्वासन देतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. पद्धतीचे स्वरूप

ऑर्ग-मोड ही ईमॅक्स या मजकूर-संपादकातील आज्ञावली खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईमॅक्सच्या बाविसाव्या आवृत्तीपासून ती मूळ संपादकाचाच भाग झाली. तिच्यातील तक्ता उभ्या दंडांनी पाडलेल्या रकान्यांचा असतो. कोणत्याही संपादकात तो वाचता येतो. सूत्रे तक्त्याच्या खाली एका वेगळ्या ओळीत लिहिली जातात. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये सूत्र घराच्या आत दडलेले असते व घरावर केवळ उत्तर दिसते. येथे उत्तर तक्त्यात आणि सूत्र तक्त्याच्या पायाशी, असे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे राहतात. हा या पद्धतीचा पहिला व निर्विवाद गुण होय.

घराचा पत्ता ओळ आणि रकाना यांच्या क्रमांकांनी दिला जातो. ‘@२$३’ म्हणजे दुसऱ्या ओळीतील तिसरा रकाना. दोन पत्त्यांमध्ये दोन टिंबे दिली की व्याप्ती तयार होते : ‘@२$२..@९$२’ म्हणजे दुसऱ्या रकान्यातील दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतची घरे. शेवटची ओळ क्रमांकाऐवजी ‘@>’ या चिन्हानेही दर्शविता येते. येथे वाचनाच्या सोयीसाठी ही चिन्हे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्षात सूत्रातील आज्ञेचे शब्द रोमन लिपीत व पत्त्यांचे क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावे लागतात. मराठी माध्यमातून काम करणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने ही अडचण लहान नाही.

दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखविण्यासाठी ‘रिमोट’ हे कार्य आहे. त्याला दोन गोष्टी द्याव्या लागतात : तक्त्याचे नाव, आणि त्या तक्त्यातील घराचा किंवा व्याप्तीचा पत्ता. नाव तक्त्याच्या डोक्यावर एका ओळीत दिलेले असते. नावाऐवजी धारिकेतील एखाद्या नोंदीचा ओळखक्रमांकही चालतो. तो दुसऱ्या धारिकेतील नोंदीचा असला तरी हरकत नाही, आणि मग त्या नोंदीखालील पहिला तक्ता गृहीत धरला जातो. इतकेच नव्हे, तर कोणत्या तक्त्याकडे जायचे ते नाव चालू तक्त्याच्याच एखाद्या घरातून उचलण्याचीही सोय आहे. म्हणजे वर्षवार तक्ते असतील तर पहिल्या रकान्यात तक्त्यांची नावे लिहून एकाच सूत्राने सर्वांची शेवटची ओळ गोळा करता येते.

येथे एक विसंगती लक्षात येते. तक्त्याला नाव आहे. तक्त्यातील ओळीला मात्र, परतक्त्यातून पाहताना, मुख्यतः क्रमांकच आहे. म्हणजे घराला पाटी आहे, पण खोल्या मोजूनच सापडतात. पुढील विवेचन या विसंगतीभोवतीच फिरते.

३. उदाहरण : ठाण्यातून पालघर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. त्याआधीची शेवटची जनगणना २०११ ची. त्या वेळी पालघर जिल्हा नव्हता. त्यामुळे ‘पालघर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या’ ही संख्या प्रगणकाने त्या नावाने नोंदविलेली नाही. ती जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी आठ तालुक्यांची बेरीज आहे. एका तक्त्यातील व्याप्ती दुसऱ्या तक्त्यात आणण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. हे आठ तालुके असे :

| तालुका | लोकसंख्या २०११ |
| तलासरी | १,५४,८१८ |
| डहाणू | ४,०२,०९५ |
| विक्रमगड | १,३७,६२५ |
| जव्हार | १,४०,१८७ |
| मोखाडा | ८३,४५३ |
| वाडा | १,७८,३७० |
| पालघर | ५,५०,१६६ |
| वसई | १३,४३,४०२ |

यांची बेरीज २९,९०,११६ होते. जुन्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. म्हणून उर्वरित ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला ८०,७०,०३२ येतात.

आता असे समजावे की संशोधकाने जुन्या जिल्ह्याचा तक्ता ‘ठाणे२०११’ या नावाने ठेवला आहे. पहिली ओळ मथळ्याची, दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत वरील आठ तालुके त्याच क्रमाने, आणि दहाव्यापासून सोळाव्यापर्यंत ठाणे, भिवंडी, शहापूर, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व मुरबाड. दुसऱ्या तक्त्यात पालघरसमोर ‘व्हीसम(रिमोट(ठाणे२०११, @२$२..@९$२))’ आणि ठाण्यासमोर ‘व्हीसम(रिमोट(ठाणे२०११, @१०$२..@>$२))’ अशी सूत्रे आहेत. दोन्ही उत्तरे बरोबर येतात आणि त्यांची बेरीज मूळ जिल्ह्याशी जुळते. संशोधक निश्चिंत होतो.

४. स्थानावर आधारलेल्या संदर्भाची मर्यादा

शासकीय कोष्टकांची एक जुनी रीत आहे. मथळ्याच्या खाली रकान्यांचे क्रमांक देणारी एक ओळ असते : १, २, ३ अशी. छपाईच्या वेळी मार्गदर्शकाने ही ओळ घालण्यास सांगितले आणि संशोधकाने ती ‘ठाणे२०११’ मध्ये घातली, असे समजावे. ऑर्ग-मोडच्या आज्ञेने ओळ घातली असेल तर त्याच तक्त्याखालील सूत्रांतील क्रमांक आज्ञावली स्वतः सुधारून देते. दुसऱ्या तक्त्याच्या पायाशी असलेल्या सूत्राला मात्र ती हात लावत नाही. तेथे ‘दुसरी ते नववी ओळ’ तसेच राहते.

परिणाम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या ओळीत आता रकान्याचा क्रमांक ‘२’ आहे व वसई दहाव्या ओळीत सरकली आहे. पालघरची बेरीज १६,४६,७१६ येते. वसई ठाण्याच्या व्याप्तीत जाऊन तेथील बेरीज ९४,१३,४३४ होते. जिल्ह्याच्या लोकसंख्येतील सुमारे ४५ टक्के हिस्सा असलेला तालुका एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तरी कोणतीही सूचना येत नाही, कारण सर्व घरांत संख्याच आहेत. दोन्ही बेरजा एकत्र केल्या तर १,१०,६०,१५० होतात. मूळ आकड्याशी फरक केवळ दोनचा. एक कोटीहून मोठ्या बेरजेत दोनचा फरक पाहून उतरवताना चूक झाली असावी असे म्हणणारेच अधिक निघतील. प्रत्यक्षात हा दोन म्हणजे रकान्याचा क्रमांक असून त्याच्यामागे तेरा लाखांहून अधिक माणसांचे स्थलांतर लपलेले आहे. क्रमांकांच्या ओळीऐवजी कोरी ओळ घातली असती तर हा दोनचा फरकही उरला नसता, आणि बेरजेचा मेळ बिनचूक बसला असता.

दुसरा प्रसंग याहून अवघड आहे. तक्ता अकारविल्ह्याने लावला तर पहिले आठ तालुके असे येतात : अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, जव्हार, ठाणे, डहाणू, तलासरी, पालघर. व्याप्तीत आठ तालुके आहेत, हे बरोबर. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज मूळ आकड्याशी जुळते, हेही बरोबर. तरीही ‘पालघर’ या नावापुढील संख्येत चार तालुके परके आहेत, आणि मोखाडा, वसई, वाडा व विक्रमगड बाहेर राहिले आहेत. संख्येची मोजणी आणि बेरजेचा मेळ या नेहमीच्या दोन्ही तपासण्या येथे निरुपयोगी ठरतात.

नेहमीच्या स्प्रेडशीटशी तुलना केली तर चित्र संमिश्र दिसते. तेथे एका पानावर ओळ घातली तर दुसऱ्या पानावरील सूत्रेही आपोआप सरकतात. म्हणजे पहिला दोष तेथे सहसा उद्भवत नाही. क्रमवारी बदलल्याने होणारा दुसरा दोष मात्र तेथेही तसाच आहे. चुकीची व्याप्ती मुळातच लिहिली गेली तर कोणतेही साधन वाचवीत नाही. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या कर्ज व विकासदरविषयक निबंधात सरासरीची व्याप्ती पाच ओळी आधीच थांबल्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश गणनेतून वगळले गेले होते. २०१३ मध्ये हर्नडन, अ‍ॅश व पॉलिन यांनी ही गोष्ट उघड केली. मूळ लेखकांनी ही चूक मान्य केली. निष्कर्षाबाबत मात्र मतभेद राहिले. चूक शोधण्यासाठी मूळ धारिका हाती येणे आवश्यक ठरले, हा त्या प्रकरणाचा येथे घेण्याजोगा बोध. सूत्र तक्त्याच्या पायाशी छापलेले असते तर ती व्याप्ती पहिल्याच वाचकाला दिसली असती. साध्या मजकुराच्या बाजूने याहून सबळ युक्तिवाद नाही.

मात्र दिसणे आणि कळणे यांत अंतर आहे. ‘@२$२..@९$२’ हे वाचकाला दिसते. त्यात वसई आहे की नाही, हे ओळी मोजल्याशिवाय कळत नाही.

५. रिकामे घर आणि शून्य

व्याप्तीच्या संदर्भात दुसरा प्रश्न रिकाम्या घराचा आहे. ऑर्ग-मोडमध्ये व्याप्तीतील रिकामी घरे आपोआप गाळली जातात. पाच गावांपैकी चार गावांचे आकडे ४०, ६०, ५० व ५० असतील आणि पाचव्याचे घर रिकामे असेल, तर सरासरी ५० येते. सूत्राच्या शेवटी ‘ई’ व ‘एन’ ही दोन चिन्हे एकत्र दिली तर रिकामे घर शून्य धरले जाते व सरासरी ४० होते. केवळ ‘ई’ दिले तर ते घर ‘संख्या नाही’ म्हणून गणले जाते व उत्तरही तसेच येते. एकाच तक्त्यातून, एकाच व्याप्तीतून, दोन अक्षरांच्या फरकाने तीन निराळी उत्तरे निघतात.

यात आज्ञावलीचा दोष नाही. उलट निवड करण्याची सोय तिने दिली आहे. दोष आहे तो निवडीच्या मुकेपणात. पीक पाहणीच्या रकान्यात जागा कोरी असेल तर तिचे दोन अर्थ संभवतात : पीक नव्हते, किंवा पाहणीच झाली नाही. पहिल्या अर्थाने ते शून्य आहे, दुसऱ्या अर्थाने ते अज्ञान आहे. डहाणू-तलासरीसारख्या भागात, जेथे पाडे विखुरलेले आहेत व वरकस जमिनी डोंगरउतारावर आहेत, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. परतक्त्यातून व्याप्ती आणताना मूळ तक्त्याखालील टीप, शेरा, तारखेची नोंद यांपैकी काहीच बरोबर येत नाही. आकडा येतो, त्याची परिस्थिती मागे राहते.

६. गाव नमुने : दुहेरी संदर्भाची परंपरा

परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांची कल्पना संगणकाने आणलेली नाही. महाराष्ट्रातील महसुली दफ्तर हे मूलतः एकमेकांकडे बोट दाखविणाऱ्या तक्त्यांचे दफ्तर आहे. गाव नमुना एक म्हणजे आकारबंद, सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेदारनिहाय धारण जमिनींची नोंदवही, बारा म्हणजे पिकांची नोंदवही आणि अकरा म्हणजे तिच्यावरून काढलेला पिकांचा गोषवारा. सात व बारा हे दोन नमुने एकत्र छापले गेल्यामुळे ‘सातबारा’ हा शब्द घरोघरी पोहोचला. पण तो दोन तक्त्यांचा जोड आहे याचे भान अनेकांना नसते.

या तक्त्यांतील संदर्भाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सातव्या नमुन्यात भोगवटादाराच्या नावाजवळ एक क्रमांक असतो; हाताने लिहिलेल्या दफ्तरात तो वर्तुळात असे. तो सहाव्या नमुन्यातील नोंदीचा क्रमांक होय. सहाव्या नमुन्यातील त्या नोंदीत संपादन केलेल्या हक्काचे स्वरूप लिहिलेले असते, परिणाम झालेल्या भूमापन क्रमांकांचा स्वतंत्र रकाना असतो आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा असतो. म्हणजे सातव्या नमुन्यावरून सहाव्याकडे जाता येते आणि सहाव्यावरून सातव्याकडे परत येता येते. जुने नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करण्याची रीत होती. अशा रीतीने मागचा आकडा, मागचे नाव व बदलाचे कारण ही तिन्ही तक्त्यातच शिल्लक राहतात.

ऑर्ग-मोडचा परतक्त्यातील संदर्भ याच्याशी ताडून पाहिला तर तीन उणिवा दिसतात. पहिली, तो एकमार्गी आहे. दुसऱ्या तक्त्याला पहिल्याचे नाव माहीत असते. पहिल्याला मात्र आपल्याकडे कोण पाहते आहे याची खबर नसते. म्हणूनच पहिल्यात ओळ घालताना दुसऱ्यातील सूत्र बिघडेल याची चाहूल लागत नाही. दुसरी, त्यात कारण नाही. हीच व्याप्ती का, हे सांगणारा रकाना सूत्राला नाही. तिसरी, त्यात प्रमाणित व अप्रमाणित अशी अवस्था नाही. फेरफार नोंदविला गेला पण मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला नाही, ही मधली अवस्था दफ्तरात स्पष्ट दिसते. ऑर्ग-मोडमध्ये मूळ तक्त्यातील आकडा बदलला तरी दुसऱ्या तक्त्यातील उत्तर वापरकर्त्याने पुनर्गणनेची आज्ञा देईपर्यंत जुनेच राहते, आणि ते शिळे झाले आहे हे दाखविणारी कोणतीही खूण त्याच्यावर नसते. तक्ते एकमेकांवर अवलंबून असतील तर क्रमाचाही प्रश्न येतो. उत्तरे स्थिर होईपर्यंत धारिकेतील सर्व तक्ते पुनःपुन्हा गणण्याची वेगळी आज्ञा आहे, पण ती द्यावी लागते हे आधी ठाऊक असावे लागते.

ही तुलना कागदी दफ्तराच्या गौरवासाठी केलेली नाही. कागदी दफ्तर स्वतः बेरीज करीत नाही. आकारबंदाचे क्षेत्र व सातबारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ बसविणे हे तेथे स्वतंत्र व कष्टाचे काम असते. शिवाय जेथे एकत्रीकरण योजना राबविली गेली तेथे भूमापन क्रमांक जाऊन गट क्रमांक आले, आणि जुन्या क्रमांकावर आधारलेला प्रत्येक संदर्भ जुन्या-नव्या क्रमांकांच्या मेळपत्रकाशिवाय निरर्थक झाला. सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने दफ्तर वाचणे सोपे कधीच नव्हते. तथापि संदर्भ तुटला तर तो कोठे तुटला हे शोधण्याची वाट दफ्तराने ठेवली होती, ही गोष्ट मान्य करावी लागते.

या वाटेचे मोल डहाणू-तलासरीत विशेष आहे. अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना जमिनी परत करण्याबाबतच्या १९७४ च्या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचा विचार केला. असे हस्तांतर सिद्ध करायचे तर सातव्या नमुन्यावरील कंसातील नाव, त्याजवळचा फेरफार क्रमांक आणि सहाव्या नमुन्यातील ती नोंद या साखळीनेच मागे जावे लागते. केवळ आजचे उत्तर ठेवून मागचा संदर्भ पुसणारे दफ्तर असते, तर त्या कायद्याला हाताशी धरायला काहीच उरले नसते. संदर्भपद्धती हा तांत्रिक तपशील नसून हक्काचा आधार कसा होतो, ते येथे दिसते.

७. नाव, स्थान आणि तारीख

स्थानाऐवजी नाव वापरले की प्रश्न सुटतो, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो बराचसा योग्य आहे. वरील उदाहरणात ‘ठाणे२०११’ तक्त्याला ‘नवा जिल्हा’ असा तिसरा रकाना जोडून प्रत्येक तालुक्यापुढे ‘पालघर’ किंवा ‘ठाणे’ लिहिले, आणि सूत्राने त्या रकान्यात ‘पालघर’ असलेल्या ओळींचेच आकडे गोळा केले, तर ओळ घातल्याने वा क्रम बदलल्याने काहीही बिघडत नाही. ऑर्ग-मोडमध्ये यासाठी शोधकार्ये उपलब्ध आहेत व ती परतक्त्यातील व्याप्तीवरही चालतात. एक्सेलमध्ये २००७ पासून रकान्याच्या नावाने संदर्भ देण्याची सोय आहे. अशा सूत्रात निवडीचा निकष शब्दांत लिहिलेला असतो. म्हणून ते अधिक लांब असले तरी अधिक बोलके असते.

परंतु नावेही स्थिर नसतात, हे तलासरी परिसराचा इतिहास सांगतो. मे १९४५ मध्ये ज्या झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला, ते गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली. झरी महाराष्ट्रात राहिले व आज ते तलासरी तालुक्यात मोडते. २०१४ नंतर जिल्ह्याचे नावही बदलले. गाव जागचे हललेले नाही. त्याचा पत्ता मात्र बदलत गेला. १९४५ च्या एखाद्या तक्त्यातील ‘उंबरगाव’ या ओळीचा संदर्भ आजच्या उंबरगावाशी जोडणारा संशोधक नावाने संदर्भ देऊनही चुकेल.

कायद्याच्या भाषेने या अडचणीवर एक उपाय योजलेला दिसतो. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे ठरविणाऱ्या १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात डहाणू व तलासरी हे तालुके ठाणे जिल्ह्याच्या शीर्षकाखाली नोंदलेले आहेत. जिल्हा बदलला तरी त्या क्षेत्राचा दर्जा डळमळला नाही, कारण आदेशातील प्रादेशिक विभागाचा उल्लेख म्हणजे आदेश अमलात आला त्या वेळी अस्तित्वात असलेला विभाग, असे त्या आदेशातच स्पष्ट केलेले आहे. म्हणजे येथे नावाला तारीख जोडलेली आहे. स्थान, नाव व तारीख या तिन्हींनी मिळून संदर्भ पूर्ण होतो.

साध्या मजकुरातील सूत्राला तारखेची ही बाजू नाही. ते नेहमी ‘आत्ताच्या’ तक्त्याकडे पाहते. तक्ता सुधारला, ओळी वाढल्या, आकडे बदलले तरी सूत्राला काल काय होते याची आठवण नसते. धारिका मजकुराची असल्यामुळे तिच्या जुन्या प्रती जतन करणे व दोन प्रतींतील फरक ओळीनिशी पाहणे सोपे आहे, हे खरे. मात्र ही स्मृती सूत्राबाहेर आहे. ती ठेवणे न ठेवणे वापरकर्त्याच्या शिस्तीवर अवलंबून राहते.

८. मूल्यमापन

ऑर्ग-मोडच्या संदर्भपद्धतीचे मूल्य ठरविताना तिच्या उद्दिष्टाचे भान ठेवले पाहिजे. ती एकट्या माणसाच्या टिपणांसाठी घडलेली आहे. ज्याने तक्ता मांडला तोच सूत्र लिहितो, तोच ओळ घालतो व चुकले तर त्यालाच कळते, असे तिचे गृहीत आहे. या मर्यादेत तिची भाषा आटोपशीर व पारदर्शक आहे. तक्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेला की मात्र हे गृहीत कोसळते. महाविद्यालयातील संशोधनात हेच नेहमी घडते : विद्यार्थी गावनिहाय माहिती गोळा करतो, दुसरा ती नीट लावतो, प्राध्यापक गोषवारा काढतो, आणि तिसराच कोणी अहवालासाठी मथळे बदलतो. अशा वेळी केवळ ओळीच्या क्रमांकावर उभी असलेली बेरीज सुरक्षित मानता येत नाही.

म्हणून काही संकेत पाळणे इष्ट ठरते. परतक्त्यातून व्याप्ती आणताना निवडीचा निकष मूळ तक्त्यातच स्वतंत्र रकान्यात लिहावा व सूत्राने त्या रकान्याचा आधार घ्यावा. बेरजेबरोबर त्या बेरजेत धरलेल्या गावांची किंवा तालुक्यांची नावेही दुसऱ्या तक्त्यात आणावीत. अकारविल्ह्याच्या उदाहरणातील चूक अशा नावांच्या यादीनेच पकडली जाते, बेरजेच्या मेळाने नव्हे. रिकामे घर शून्य धरले की गाळले, हे तक्त्याखाली शब्दांत नोंदवावे. मूळ तक्त्याच्या डोक्यावर, त्याचा आधार घेणाऱ्या तक्त्यांची नावे लिहावीत. एवढ्याने फेरफार नोंदवहीचा दुहेरीपणा पूर्णपणे नाही तरी काही अंशी साधतो. शेवटी, तक्त्याच्या नावात वर्ष असावे व कोणत्या सीमांनुसार आकडे आहेत ते सांगावे. ‘ठाणे’ हे नाव २०११ च्या तक्त्यात व २०१४ नंतरच्या तक्त्यात एकाच प्रदेशाचे नाही.

९. निष्कर्ष

परतक्त्यातील संदर्भ म्हणजे उद्धरणच होय. वाङ्मयीन संशोधनात ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ दिल्याशिवाय अवतरण स्वीकारले जात नाही. कारण पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतो हे सर्वांना ठाऊक असते. आकड्यांच्या अवतरणाला मात्र केवळ पृष्ठक्रमांक पुरेसा मानण्याची सवय पडली आहे. साध्या मजकुरातील सूत्रांनी हे अवतरण दृश्य केले, हे त्यांचे श्रेय. त्याला आवृत्ती, निकष व परतीचा दुवा देणे त्यांना साधलेले नाही, ही त्यांची उणीव. डहाणू व तलासरीच्या महसुली दफ्तरात या तिन्ही गोष्टी शाईने, वर्तुळाने व कंसाने सांभाळल्या गेल्या. कारण तेथे चुकीच्या ओळीचा अर्थ कोणाच्या तरी हातून जमीन जाणे असा होता. संशोधनातील तक्त्यांवरून योजना आखल्या जातात व गावांची गरज ठरते. त्या तक्त्यांतील ओळींविषयीही तेवढीच सावधगिरी अपेक्षिली पाहिजे.